खड्ड्यात गेलेला टायर आणि विमा
खड्ड्यात टायर फुटला तर विम्यातून पैसे मिळतात का? नुसत्या टायरचे नाही मिळत. साध्या फुल इन्शुरन्समध्ये टायर-ट्यूब तेव्हाच धरतात, जेव्हा त्याच धक्क्यात गाडीचं आणखी काही मोडलेलं असतं. तेव्हाही नव्याच्या किमतीच्या ५० टक्केच. वर १५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले १००० रुपये आपल्या खिशातून आणि साठलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला तो वेगळाच. किरकोळ कामाला चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

गेल्या पावसात कोलाडच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आमची गाडी आपटली. टायर शाबूत वाटला. घरी येऊन बघतो तर साइडला लिंबाएवढा फुगा! आतले धागे तुटले की असा येतो. पंक्चरवाल्याने हातच लावला नाही, "साहेब, हा बदलाच."

खालून तेल गळत असेल तर मात्र इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी टो करून न्या. फुटलेल्या चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचा, क्लेम होतो. तशीच दामटून इंजिन जाम केलंत तर कंपनी हात वर करते. फोटो खड्ड्यासकट काढा, हेही आम्हाला नंतरच सुचलं.