घरी गाडीचं काम: निवडक पाने घ्यावेत, की भरलेली पेटी आणि बॅटरीवरची गन?

भांडुप_पश्चिम

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेली चार वर्षं मी माझ्या हॅचबॅकचं बरंचसं काम स्वतः करतोय. ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी, पुढचे ब्रेक पॅड. क्लच आणि इंजिनला हात लावत नाही, ते मेकॅनिककडेच. परवा आमच्या विंगमधल्या एका मुलाने विचारलं, "दादा, सुरुवातीला काय काय घेऊ?" मी जे सांगितलं त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडले. म्हणून इथे सविस्तर मांडतो.

माझं म्हणणं असं की 108 तुकड्यांची पेटी घेऊ नका, आणि बॅटरीवरची इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) पहिल्या वर्षी तर नकोच. आधी आपल्या गाडीला कुठले नंबर (बोल्टच्या डोक्याचे मिलिमीटर) लागतात ते बघा. मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा असेल तर 10, 12, 14, 17, 19 या पाच नंबरांत घरचं बहुतेक काम उरकतं. टाटा-महिंद्राला 13 लागतोच. स्कोडा-फोक्सवॅगनला टॉर्क्सचे (चांदणीसारख्या टोकाचे) बिट वेगळे घ्यावे लागतात. एवढ्याच गोट्या (सॉकेट) सुट्या घ्या, पण सहा कोनी आणि चांगल्या. सोबत तीन सुती (3/8 इंची) रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा टिकटिक करणारा दांडा, एक एक्स्टेन्शन आणि रिंग पान्यांचा सेट. मी टपारियाचे घेतले. नाशिकची कंपनी आहे, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात. वाचलेल्या पैशात टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरावर क्लिक करणारा पाना) आणि जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे) घ्या.

हे अनुभवावरून सांगतोय. माझी पहिली खरेदी पेटीचीच होती. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, मी गाडीखाली. पेटीतली 17 ची बारा कोनी गोटी ड्रेन प्लगवर (ऑइल काढायच्या बोल्टवर) बसवली आणि रॅचेटवर जोर दिला. टक् आवाज झाला, वाटलं सुटला. पण प्लग जागचा हलला नव्हता, फिरली होती नुसती गोटी. काढून बघतो तर प्लगचे सहाही कोपरे खाल्लेले, धातू चंदेरी चकचकीत झालेला, आणि गोटीचं तोंड फाकलेलं. मेकॅनिकला बोलवावं लागलं. त्याने छिन्नी लावून, ठोकून ठोकून तो फिरवला. नवा प्लग, नवा वॉशर आणि अख्खा रविवार गेला. पेटी अजून माळ्यावर आहे, त्यातलं निम्मं सामान मी एकदाही वापरलेलं नाही.

चारकोपवाला

दादा, मला हे पटत नाही.

नवीन माणसाला कुठला नंबर लागणार हे आधी कळतच नाही. तुम्ही आज पाच नंबर सांगताय कारण चार वर्षं हात काळे केलेत. तो मुलगा एअर फिल्टरचा डबा उघडायला जाईल आणि तिथे 8 चा बोल्ट निघेल. ब्रेकच्या कॅलिपरवर ब्लीडरसाठी (हवा काढायच्या स्क्रूसाठी) आणखी वेगळा नंबर. दर वेळी काम अर्धवट टाकून दुकानात पळायचं, तेही गाडी जॅकवर असताना? पेटी घ्यावी, वापरावी, आणि जी गोटी तुटेल किंवा फाकेल तिच्या जागी चांगली आणावी. वर्षभरात आपल्याला नक्की काय लागतं याची यादी आपोआप तयार होते. तुमची 17 ची गोटी फाकली म्हणून बाकीच्या 107 वाईट ठरत नाहीत.

आता गन. मी 53 वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा आखडला, फिजिओथेरपी चालू आहे. घरात माझी, भावाची आणि मुलीची अशा तीन गाड्या आहेत. टायर आलटून पालटून लावायचे तर तीन गाड्यांचे मिळून 48 नट होतात. हाताने ते मला आता जमणार नाही. आणि मुंबईत तर गन बॅटरीवरचीच हवी, कारण पार्किंगमध्ये प्लग पॉइंट कुठे असतो? चौथ्या मजल्यावरून वायर सोडायची का?

घेताना एक लक्षात ठेवा. 18 व्होल्ट आणि "20 व्होल्ट मॅक्स" यांत काही फरक नाही. दोन्हींत पाचच सेल असतात. एका सेलचे 3.6 धरले की 18, पूर्ण चार्ज झालेल्या सेलचे 4 धरले की 20. त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. कंपनी मात्र एकच धरा, म्हणजे त्याच बॅटरीवर ड्रिल, दिवा, हवा भरायचा पंप असं सगळं चालतं.

लालबागचा फिटर

मी गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होतो, नंतर टॅक्सीवाल्यांची कामं केली. दोघांचंही थोडं बरोबर आहे आणि थोडं चुकतंय, म्हणून लिहितो.

पद्मिनी गाडी इथेच कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. तिला मिलिमीटरचे पाने लागत, अ‍ॅम्बेसेडरला इंची. दोन्हींची कामं करणाऱ्याकडे दोन वेगळे जुडगे असायचे. अर्धा इंची डोक्याच्या बोल्टला 13 चा पाना लावणाऱ्या पोराला उस्ताद कानाखाली देत असे, कारण तो पाना बसतो, पण बसल्यासारखा बसतो. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. तेवढ्या फरकात बोल्टचे कोपरे जातात. नंतर 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली, पण हा नियम तोच आहे. पाना नेमका बसला पाहिजे. पेटीतला की सुटा, हा नंतरचा प्रश्न.

भांडुपच्या साहेबांचा प्लग पेटीमुळे गेला असं मला वाटत नाही. बारा कोनी गोटी कोपऱ्याजवळ पकडते, सहा कोनी सपाट बाजूवर. घट्ट बसलेल्या बोल्टला बारा कोनी लावायचीच नाही. बारा कोनी कामाची कुठे? जिथे पाना फिरवायला जागा नाही तिथे, कारण दर तीस अंशांवर नवी पकड मिळते.

चारकोपच्या साहेबांना एकच विचारतो. गनवर कुठली गोटी लावता? पेटीतली चमकणारी लावत असाल तर आजच थांबवा. ती क्रोम व्हॅनेडियमची, कडक असते. गनचे ठोके बसले की काचेसारखी फुटते आणि तुकडा डोळ्याकडे येतो. गनसाठी जाड भिंतीची काळी गोटी येते, क्रोम मॉलिब्डेनमची. तीच लावा, आणि चष्मा घाला.

आणि गन असो वा रॅचेट, पहिले तीन आटे बोटांनी चढवायचे. बोटांना बोल्ट वाकडा लागलाय हे कळतं. गनला कळत नाही. ती आटे मोडून पुढे जाते.

पार्लेकरीण

मला गाडीचं काम करायची हौस नाही, पण गाडी रोज मीच चालवते, त्यामुळे या विषयावर माझं ठाम मत आहे.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला घोडबंदर रोडवर पंक्चर झालं. गाडीत मी आणि आई. स्टेपनी होती, जॅक होता, गाडीसोबत आलेला एल पाना होता. चारातला एकही नट हलेना. मी पान्यावर उभी राहिले, तर पानाच वाकायला लागला. दहा दिवसांपूर्वी टायरच्या दुकानात एका मुलाने हवेच्या गनने "घर्र" करून ते नट बसवले होते. शेवटी एका टेम्पोवाल्या दादांनी त्यांच्याकडचा पाइप पान्याला लावून सोडवून दिले. आई तोपर्यंत छत्री धरून रस्त्याच्या कडेला उभी होती.

म्हणून गनबद्दल कौतुकाने कुणी बोललं की मला राग येतो. माझ्या डिकीत आता 45 सेंटीमीटरचा अर्धा इंची दांडा आणि 19 ची सहा कोनी गोटी असते. हिशेब करून घेतलाय. दांड्याच्या टोकाला 20 किलोचा जोर दिला की जवळजवळ 88 न्यूटन मीटर (फिरवण्याचा जोर) होतात. छोट्या गाड्यांचे नट साधारण 85 ते 110 मध्ये बसवायचे असतात, त्यामुळे नीट बसवलेला नट माझ्यासारखीला थोडा जोर लावून सुटतोच. भांडुपच्या दादांच्या यादीत हा दांडा नाही. तो पहिला हवा होता.

चारकोपवाला

ताई, तुमचा राग रास्त आहे, पण चूक त्या मुलाची आहे, गनची नाही. मी गन फक्त सोडवायला वापरतो. बसवताना बोटांनी, मग हाताच्या पान्याने समोरासमोरचे नट थोडे थोडे, गाडी खाली उतरवली की टॉर्क रेंच. फिटर काका, काळ्या गोट्या सुरुवातीला नव्हत्या, हे कबूल करतो. आता 17, 19, 21 अशा तीन आहेत.

पण भांडुपच्या दादांच्या हिशेबात एक भोक आहे. टॉर्क रेंच म्हणजे कुठला? चाकांसाठीचा अर्धा इंची साधारण 40 ते 210 न्यूटन मीटरचा असतो. स्पार्क प्लग बसतात वीस-पंचविसाच्या आसपास. तिथे हा रेंच क्लिकच करणार नाही, आणि इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातील. म्हणजे लहान टॉर्क रेंच वेगळा. दोन टॉर्क रेंच, चांगल्या सुट्या गोट्या, जॅक स्टँड असं सगळं धरलं की तुमची "थोडकीच हत्यारं" माझ्या पेटी आणि गनपेक्षा महाग पडतात. त्या मुलाला खरा खर्च सांगा.

कुर्ल्याचं_गॅरेज

आमचं छोटं गॅरेज आहे, वडिलांपासूनचं, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत. घरी काम करणाऱ्यांना माझा विरोध नाही. पण तुम्ही सगळे पाने आणि गनवर भांडताय, आणि ज्याने माणूस मरतो त्यावर दोन शब्दांत पुढे गेलात.

गाडीसोबतचा कात्री जॅक फक्त चाक बदलण्यासाठी आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. तुमच्या सोसायट्यांत पेव्हर ब्लॉक असतात, खाली वाळू. पावसाळ्यात ती भिजते, जॅकचा पाय एका बाजूने खचतो आणि गाडी हळूच कलते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, सुदैवाने खाली कुणी नव्हतं. जाड प्लायवुडचा तुकडा खाली घाला, त्यावर जॅक, आणि गाडी उचलली की जॅक स्टँडवर ठेवा. स्टँडवर लिहिलेलं वजन एकाचं की जोडीचं ते वाचून घ्या. आणि हँडब्रेक सहसा मागच्या चाकांनाच धरतो. मागची बाजू उचलायची तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावा.

ब्रेक पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत मारायचं. ब्रेकचा पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिलं पेडल थेट खाली जातं. पार्किंगच्या भिंतीला धडकून आमच्याकडे आलेली गाडी आहे.

माझ्या मते त्या मुलाने पहिले पैसे स्टँडवर घालावेत. पाने नंतर. गन अजून दोन वर्षांनी.

मुलुंडचा_सचिव

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून सांगतो, आमच्याकडे तक्रारी हत्याराच्या नाहीत, ऑइलच्या आहेत. पेव्हरवर पडलेलं काळं ऑइल निघत नाही, आणि कुणी ते पावसाळी गटारात ओतलं तर ते थेट नाल्यात आणि समुद्रात जातं. आम्ही एवढंच ठरवलंय: खाली ट्रे हवा, जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्यायचं, गन आणि ग्राइंडर दुपारी दोन ते चार बंद.

एक सुचवतो. ट्रॉली जॅक (चाकांवरचा मोठा जॅक) आणि स्टँड सोसायटीने मिळून घ्यावेत. वन रूम किचनमध्ये ट्रॉली जॅक ठेवणार कुठे?

भांडुप_पश्चिम

सचिव साहेब, जॅक आणि स्टँड सामाईक असायला माझी हरकत नाही. टॉर्क रेंच मात्र कधीच नको. कुणीतरी त्याने नट सोडवणार, कुणीतरी सेटिंग 150 वर ठेवून तसाच परत करणार, आणि स्प्रिंग बिघडली तरी कुणाला कळणार नाही. तो ज्याचा त्याचा असावा आणि काम झालं की सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा.

पार्लेकरीण ताई, दांडा यादीत सर्वांत वर घातला. कुर्ल्याच्या दादांचं ऐकून स्टँड त्याच्या सोबतीला. चारकोपच्या दादांचा लहान टॉर्क रेंचचा मुद्दा खरा आहे, खर्च मी कमी धरला होता. त्या मुलाला आज सांगितलं की या वर्षी स्पार्क प्लगला हात लावू नको, म्हणजे एकाच रेंचवर भागेल.

पेटीबद्दल मात्र मी ठाम आहे. फिटर काका म्हणतात गोटी बारा कोनी होती म्हणून गेली. पण 108 तुकडे भरायचे म्हणून त्याच पेटीत 17 ची सहा कोनी गोटी नव्हतीच, त्याऐवजी 40 बिट होते. शिवाय आपल्याकडची हवा. प्लॅस्टिकच्या साच्यात बसवलेल्या गोट्यांना माझ्याकडे एका पावसाळ्यात तांबूस डाग पडले. सुट्या गोट्या ऑइलच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवतो, त्या स्वच्छ आहेत.

चारकोपवाला

मग पेटी उघडून तुकडे मोजून घ्यावी, सहा कोनी बघून घ्यावी. घेऊच नये हे अजून पटत नाही. आणि माझा खांदा असा आहे तोवर गन राहणार.

लालबागचा फिटर

मुलाला घेऊन नागदेवी स्ट्रीटला, हत्यारांच्या बाजारात जा. मस्जिद बंदर स्टेशनला उतरून चालत जाता येतं. रविवार सोडून जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. पेटी घ्या नाहीतर सुट्या घ्या, पण खिशात 10, 14 आणि 19 नंबरचा एकेक नवा नट ठेवा. दुकानात गोटी त्यावर बसवून डावी-उजवी हलवायची. जी जास्त डुलते ती परत द्यायची. रॅचेट कानाजवळ धरून हळू फिरवा. बारीक, एकसारखी टिकटिक यायला हवी. मध्येच एखादा दात घसरला तर दुसरी मागा. दुकानदार कुरकुरत नाहीत, तिथे सगळे असंच बघून घेतात.