वटवट्या नेमका कुणाला म्हणायचं?

बोरू: निसर्गशिबिराचं माहितीपत्रक मराठीत करतोय. विषय : वॉर्बलर म्हणवणारे दोन पक्षी, कुळं वेगळी. अ‍ॅशी प्रिनिया म्हणजे राखी वटवट्या. ग्रीनिश वॉर्बलरलाही वटवट्याच म्हटलं तर 'कुळं वेगळी' हे मुलांना पटायचं कसं?

गवताळ: पक्षी दाखवा, पटेल. राखी बारमाही इथलाच. झुडपात वावर, लांब शेपूट उभारलेली, डोळे तांबूस, पोट तांबूस-पिवळट, उडताना चटचट आवाज. दुसरा हिवाळी पाहुणा. झाडाच्या शेंड्यात, भिवई ठळक, पंखावर एकच फिकी रेघ, शेपूट बेताची.

ओवी: वडावर बसतो म्हणून वटवट्या. आमच्या आजोळी सगळे हेच सांगत.

गवताळ: राखी तर घाणेरीच्या जाळीतून बाहेर येत नाही! वटवट करतो म्हणून वटवट्या, इतकं सरळ आहे.

ओवी: ग्रीनिश बसतो की वडावर. मग खरा वटवट्या तोच.

शुद्धमती: आधी 'कुळं' बदला. शास्त्रात कुल, अनेकवचन कुले. कूळ जमीन कसतं, त्याच्यासाठी १९४८चा कायदा आहे.

मु. पो. तळकोकण: मग ग्रीनिश कूळच की हो. हिवाळाभर आमची आमराई कसतो आणि हक्क न लावता हिमालयात, सैबेरियात परत!

गवताळ: 😀 विषयावर येऊ. पूर्वी हे सगळे सिल्व्हिइडी या एकाच कुलात कोंबलेले. लहान, भुरकट, किडे टिपणारा दिसला की टाक तिथे. जनुकं तपासल्यावर २००६च्या सुमारास ते फुटलं. राखी गेला सिस्टिकोलिडीत, शिंपी पक्ष्याच्या भावकीत (घरटंही पानं शिवून करतो). ग्रीनिश फायलोस्कोपिडीत. आणि ज्यांच्यावरून त्या जुन्या कुलाला नाव पडलं ते मूळ सिल्व्हिया पक्षी निघाले सातभाईंच्या जवळचे!

बोरू: म्हणूनच म्हणतो, राखीला 'प्रिनिया' करून टाकू का?

शुद्धमती: अजिबात नको. चांगला मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला?

कोराकागद: प्रिनिया इंग्रजी कुठला? जावा बेटावरचा शब्द. हॉर्सफील्ड या निसर्गशास्त्रज्ञाने १८२१मध्ये शास्त्रात आणला.

शुद्धमती: जावाचा असो नाही तर जपानचा, मराठी नाही ना.

कोराकागद: 'साबण' कुठून आला ते बघा, मग बोलू.

बोरू: अहो, ग्रीनिशचं काय करू? हिरवा पर्णवटवट्या?

गवताळ: 'हिरवट' लिहा. हिरवा म्हणजे ग्रीन वॉर्बलर वेगळा, तो कॉकेशसकडून येतो आणि सह्याद्रीत हिवाळा काढतो.

ओवी: हिरवट म्हणजे कच्चं, आंबट. पक्ष्याला कोण म्हणतं?

शुद्धमती: त्याआधी अनेकवचन ठरवा. वटवटे, वटवट्ये की वटवट्या?