पक्ष्यांवरचं लेखन वाचून कथेत काय आणि कसं आणावं?

कागदवाट
कथा लिहितो. सध्या पक्षीनिरीक्षणावरचं ललित लेखन भरपूर वाचतोय आणि त्याने झपाटलोय. पण ते कथेत आणायला गेलं की एक तर "पहाटे पक्षी किलबिलत होते" एवढंच उरतं, नाहीतर पक्षीकोशातला उतारा होतो. वाचलेलं मुरवायचं कसं? नोंदवही ठेवली तर तिच्यात नेमकं काय टिपावं?

माळरान
आवडलेला एक परिच्छेद घ्या आणि त्यातली फक्त क्रियापदं उतरवून काढा. पक्षी काय करतो याचा क्रम समोर येईल; विशेषणं फार थोडी सापडतील. मग तसंच स्वतः बघा: एक जागा, एक पक्षी, 20 मिनिटं. वेळ, ऊन-वारा, पक्षी जमिनीपासून किती उंचीवर आहे, काय करता करता थांबला, कशाने दचकला. नाव शेवटी लिहा, कारण नाव कळलं की आपण बघायचं थांबतो.

पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे मनात आलं ते. "उदास बसला होता" हे डावीकडे गेलं की घोळ झालाच. तिथे "पिसं फुलवून, मान आखडून, डोळे अर्धे मिटून" एवढंच हवं. पिसं बहुतेकदा थंडीने फुलवलेली असतात. नोंद त्याच दिवशी नीट लिहून काढा. उशीर झाला की आठवणीतल्या फटी आपण नेहमीच्याच शब्दांनी बुजवतो.

रानपिंगळा
वरच्याला अनुमोदन. माझी भर ऋतूची, कारण जाणकार वाचकाचा विश्वास तिथे उडतो. डिसेंबरच्या कडाक्यात कोकिळाची कुहूकुहू लिहू नका, ती उन्हाळा-पावसाळ्यातली. गातो तो नर, काळा कुळकुळीत. मादी तपकिरी, ठिपकेदार, आणि तिचा आवाज "किक्-किक्-किक्" असा तुटक. म्हणजे "कोकिळा गात होती" हे वाक्य दोन्हीकडून फसतं. दयाळही विणीच्या हंगामात भल्या पहाटे गातो आणि थंडीत बराच गप्प असतो.

सुगरणीचं घरटं मात्र कथाकाराने मुद्दाम बघावं. विणतो नर, तेही पावसाळ्यात. गवताच्या किंवा झावळीच्या पात्याला चोचीने खाच पाडायची आणि उडताना लांब पट्टी सोलून न्यायची. जागा बहुधा काटेरी झाडावर, नाहीतर पाण्यावर झुकलेल्या फांदीवर, म्हणजे शत्रूला पोचणं अवघड. घरटं शिरस्त्राणासारखं दिसण्याइतकं, अर्धं झालं की माद्या येऊन आतून तपासतात. एखादीला पसंत पडलं तर खालची नळी विणली जाते; नाहीतर ते तसंच अर्धवट लटकत राहतं आणि नर दुसरं सुरू करतो. याला "माणसाचंही असंच असतं" अशी शेपटी जोडू नका. क्रम नीट मांडलात की ते वाचकाला आपसूक कळतं.

कागदवाट
क्रियापदांचा प्रयोग आजच करतो. एक अडचण: माझा निवेदक पक्ष्यांतला जाणकार नाही. त्याने "दयाळ" म्हणावं का?

ओढाकाठ
नको. "काळापांढरा, शेपटी सारखी वर उचलणारा" एवढंच त्याला दिसू द्या; तुम्हाला नाव माहीत असल्याने ते वर्णन आपोआप अचूक राहील. शेतात वाढलेलं पात्र मात्र टिटवी लगेच ओळखेल, आणि इथे पक्षी कथानकाच्या कामाला येतो. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते, बहुधा चार. रंग मातीत मिसळणारा असला तरी आडोसा काहीच नाही, म्हणून जवळ येणाऱ्या प्रत्येकावर ती कालवा करते, रात्रीसुद्धा. ती ओरडली म्हणजे रानात काहीतरी हललं. कोण आलं हे सांगायला वेगळं पात्र लागत नाही.

आवाज नुसता अक्षरांत पकडू नका. पावशाचं "पेर्ते व्हा" दर खेपेला वरच्या पट्टीत चढतं, टिपेला जातं आणि एकदम तुटतं. हा चढ आणि ती तूट लिहा. फोनवर ध्वनिमुद्रण करताना आवाजाआधीची आणि नंतरची शांतताही घ्या, प्रसंग लिहिताना तीच कामी येते. पण मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नका. विणीच्या काळात तो प्रतिस्पर्धी समजून घरटं सोडून धावतो आणि पिल्लं उघडी पडतात.

खर्डा झाला की पक्ष्याची वाक्यं झाकून प्रसंग वाचा. काहीच अडत नसेल तर ती काढून वहीत परत ठेवा, दुसऱ्या कथेला लागतील.