कमिंग (जॉर्जिया) गावाचा जुना इतिहास कुणाला माहीत आहे का?

नवा_जॉर्जियाकर:
नमस्कार मंडळी. कमिंगला घर बघतोय, फोरसाइथ काउंटीत. शाळा चांगल्या, लेक लेनिअर जवळ, देशी किराणा हाताशी. पण ऑफिसातले एक आफ्रिकन-अमेरिकन सहकारी गावाचं नाव ऐकून गप्पच झाले. मग म्हणाले, "सही करायच्या आधी १९१२ बद्दल वाच." शोधलं तर तळ्याखाली बुडालेल्या गावाचे व्हिडिओ, तेही भुताखेतांसकट. खरं किती, खोटं किती? तिथलं कुणी जुनं आहे का इथे?

मंजिरी_काकू:
मी आहे, १९९९ पासून. भुतं बाजूला ठेव रे, खरं आहे तेच पुरेसं आहे.

कमिंग म्हणजे काउंटीच्या कचेरीचं गाव. जमीन मूळची चेरोकी या आदिवासी लोकांची. जॉर्जिया सरकारने १८३२ मध्ये चक्क लॉटरी काढून ती गोऱ्यांना वाटली, आणि तेव्हा चेरोकी तिथेच नांदत होते! त्यांना सैन्य लावून हाकललं ते १८३८ मध्ये. गाव वसलं १८३४ ला, या दोन्हींच्या मध्ये.

आता १९१२. सप्टेंबरात मे क्रो नावाची गोरी मुलगी रानात जबर जखमी सापडली, पुढे वारली. संशयावरून धरलेल्या रॉब एडवर्ड्स या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने कमिंगच्या तुरुंगात घुसून मारलं आणि चौकात खांबाला टांगलं. अर्नेस्ट नॉक्स आणि ऑस्कर डॅनिअल या दोन कृष्णवर्णीय पोरांवर खटला झटपट उरकला, २५ ऑक्टोबरला फाशी. नॉक्स तर सोळा वर्षांचा. न्यायाधीशाने फाशी आडोशाला द्यायला सांगितलं होतं म्हणून भोवती कुंपण घातलं, तर आदल्या रात्री लोकांनी ते जाळून टाकलं. का, तर नीट दिसावं म्हणून. हजारो लोक बघायला आले होते.

तोवर रात्रीच्या टोळ्या सुटल्याच होत्या. कृष्णवर्णीयांच्या घरांवर गोळ्या, चर्चना आगी, "निघा, नाहीतर मराल". १९१० च्या शिरगणतीत काउंटीत सुमारे १,१०० कृष्णवर्णीय होते. काही आठवड्यांत जवळजवळ कुणी उरलं नाही, आणि पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं कुणाला येऊही दिलं नाही.

माझी नोकरी गृहकर्जाच्या कागदांत गेली, त्यामुळे मला जमिनीचं जास्त खुपतं. हे सगळे काही कुळं नव्हते, बऱ्याच जणांची स्वतःच्या नावावर शेतं होती. काहींनी मिळेल त्या भावात विकली. काहींना तेवढीही उसंत मिळाली नाही. मग शेजारी त्यात नांगर घालणार, कर भरणार. इथल्या कायद्याने वीस वर्षं उघड कब्जा ठेवला की मालकी लागू होते, आणि हातात कसला तरी लेखी दस्त असेल तर सातच वर्षं. झालं, पळून गेलेल्याचं शेत कायदेशीरपणे दुसऱ्याचं. घर घेताना तुझा वकील टायटल (जमिनीच्या मालकीची साखळी) तपासेल, पण साधारण पन्नास वर्षं मागे जाऊन थांबेल. रिपोर्ट स्वच्छ येईल. सगळ्यांचाच येतो.

तळ्याकाठी:
पण काकू, ऑस्करव्हिल नावाचं कृष्णवर्णीयांचं अख्खं शहर तळ्यात बुडवलं ना? आमच्या ग्रुपवर तर तेच फिरतंय.

मंजिरी_काकू:
दोन गोष्टींची खिचडी झाली आहे ती. ऑस्करव्हिल शहर नव्हतं, शेतकऱ्यांची वस्ती होती. मे क्रो त्याच भागातली. तिथल्या कृष्णवर्णीयांना १९१२ लाच पळवून लावलं होतं. ज्याने लेक लेनिअर झालं ते बफर्ड धरण १९५० च्या दशकातलं. पाणी चढलं तेव्हा त्या जमिनींची भरपाई कुणाच्या खिशात गेली, त्यावर व्हिडिओ काढा म्हणावं.

अटलांटा_अण्णा:
१९८७ राहिलं. १७ जानेवारीला नागरी हक्कांचे नेते होझिया विल्यम्स छोटा मोर्चा घेऊन गेले तर दगड-बाटल्यांचा मारा झाला. पुढच्याच शनिवारी जवळपास २०,००० माणसं कमिंगमध्ये चालली, नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव सैन्याच्या) बंदोबस्तात. फेब्रुवारीत ओप्रा विनफ्री तिथे आपला टीव्ही कार्यक्रम करायला गेली. आणि आज बघा: १९९० ला ४४ हजारांची काउंटी २०२० ला अडीच लाखांवर, त्यात दर पाच-सहा माणसांत एक आशियाई. आपण सगळे शाळांचं रेटिंग बघून आलेलो. (मीही, नाकारत नाही.)

नवा_जॉर्जियाकर:
धन्यवाद काकू, अण्णा. घर रद्द करत नाहीये, पण बायकोला हे सगळं वाचायला दिलंय. गावात याची काही खूण आहे का? आणि आमच्या प्लॉटचे जुने दस्त बघता येतील?

मंजिरी_काकू:
एडवर्ड्सच्या हत्येचा फलक आहे, २०२१ मध्ये लागला, कमिंगच्या मध्यवस्तीत. शंभरावर वर्षं लागली त्याला. दस्तांसाठी सुपीरिअर कोर्टाच्या क्लार्कचं ऑफिस गाठ, कामाच्या दिवशी. विकणाऱ्याच्या नावावरून एकेक पायरी मागे जायचं, पन्नास वर्षांवर थांबायचं नाही. वकील म्हणेल कशाला हवंय. त्याला म्हण, हवंय.