मे महिन्यात रुपीन खिंड: घळीतील बर्फ कितपत भरवशाचा?

प्रश्न
आम्ही पुण्याचे सहा जण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तराखंडातील धौल्याहून निघून हिमालयातील रुपीन खिंड (सुमारे ४६५० मीटर) ओलांडणार आहोत. सह्याद्रीत आम्ही बरीच वर्षे हिंडलो आहोत, परंतु बर्फावर चालण्याचा अनुभव आमच्यापैकी दोघांनाच आहे. हिवाळा सरला की बर्फ बसतो आणि हिमस्खलनाची भीती उरत नाही, असे व्यवस्था पाहणाऱ्यांनी सांगितले. हे कितपत खरे मानावे?

प्रतिसाद १
हे अर्धेच खरे आहे. हिवाळ्यातील कच्चे थर वसंतात बरेचसे घट्ट होतात, परंतु त्याच वेळी धोक्याचे कारण बदलते. दिवसा वितळलेले पाणी बर्फात मुरते, कणांमधील बंध सैल करते आणि एखाद्या कठीण थरावर किंवा गुळगुळीत खडकावर अडले की वरचा बर्फ तेथून सुटतो. हा ओला बर्फ कोरड्या बर्फापेक्षा सावकाश येतो, पण तो अतिशय जड असतो आणि थांबताच असा आवळून बसतो की गाडल्या गेलेल्या माणसाला हातही हलवता येत नाही.

म्हणून केवळ तारखेवर विसंबू नका, आदली रात्र कशी गेली ते पाहा. निरभ्र रात्री बर्फ उष्णता बाहेर टाकून कडक गोठतो. ढगाळ रात्री तो पुरता गोठत नाही आणि मग पहाटेचाही भरवसा राहत नाही. उन्हाळ्यात सह्याद्रीत आपण ऊन टाळण्यासाठी लवकर निघतो. खिंडीखालच्या रती फेरीच्या तळावरून मात्र अंधारातच निघायचे ते ऊन चढण्यापूर्वी खिंडीकडे चढणारी बर्फाची घळ मागे पडावी म्हणून. पाय घोट्यापेक्षा खोल रुतू लागले किंवा बाजूच्या उतारावरून बर्फाचे गोळे गडगडत येऊ लागले, तर खिंड समोर दिसत असली तरी माघारी फिरावे.

प्रतिसाद २
ताज्या बर्फाचाही विचार करा, कारण पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून हिमालयात येणाऱ्या वादळी हवामान प्रणाली) मे महिन्यातही उंचावर बर्फ टाकून जातात. सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर ४ एप्रिल २०२३ रोजी भरदिवसा हिमस्खलन होऊन सात पर्यटक दगावले. ते कुठल्या खिंडीत नव्हते, रस्त्यालगत होते. मोठी बर्फवृष्टी झाल्यास निदान एक दिवस थांबा.

प्रश्नकर्ता
गाडल्या गेलेल्याचा शोध घेणारे ट्रान्सीव्हर भाड्याने घ्यावेत काय?

प्रतिसाद १
सहाही जणांकडे ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे असेल व सराव झाला असेल तरच त्यांचा उपयोग आहे, कारण पहिल्या १०–१५ मिनिटांनंतर गाडलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता झपाट्याने घटते. त्याआधी आइस ॲक्सने (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीने) घसरण रोखण्याचा सराव सर्वांनी करावा. पहाटेचा जो कडक बर्फ हिमस्खलनापासून वाचवतो, त्याच्यावरूनच पाय निसटतो, आणि नवख्या चौघांसाठी मला त्याची अधिक चिंता वाटते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. रती फेरीला एक राखीव दिवस ठेवण्याचे आणि सराव झाल्याशिवाय घळीत न शिरण्याचे आम्ही ठरवले आहे.