फ्रीमेसन, इल्युमिनाटी वगैरे गुप्त मंडळी: यात खरा इतिहास किती आणि मसाला किती?

अर्धवटराव:
गेले काही दिवस माझ्या फीडमध्ये फ्रीमेसनचे व्हिडिओ एवढे येतायत की विचारू नका, एक बघितला की दहा येतात. गुण्या आणि कंपास एकमेकांवर ठेवलेलं चिन्ह, मध्ये इंग्रजी 'G' अक्षर, डॉलरच्या नोटेवर पिरॅमिड आणि डोळा, मग एकदम बकऱ्याच्या डोक्याचा सैतान, आणि शेवटी सगळं जग म्हणे हेच चालवतात. मला त्यातलं काही पटत नाही पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही, की एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांना डोळ्यावर पट्टी बांधून, पँटचा एक पाय वर दुमडून शपथा घ्यायची गरज काय होती? लपवत काय होते नेमकं? कोणी नीट वाचलं असेल तर सांगा, फक्त 'गूगल कर' म्हणू नका प्लीज.

पाथरवट:
मस्त प्रश्न, जरा लांबण लावतो. आधी हे डोक्यात घ्या की सुरुवात तत्त्वज्ञांपासून नाही, खऱ्याखुऱ्या गवंड्यांपासून आहे (मेसन म्हणजेच गवंडी). चर्च आणि किल्ले बांधणारे दगडकाम करणारे लोक एका साइटवरून दुसऱ्या साइटवर फिरायचे, साइटवरची त्यांची खोपटी म्हणजे लॉज, पुढे त्यांच्या मंडळालाही तेच नाव. आता नवा माणूस आला आणि म्हणाला मी शिकलेला कारागीर आहे, मला त्या दराने मजुरी द्या, तर ओळखायचं कसं? सर्टिफिकेट बिर्टिफिकेट काही नाही. म्हणून स्कॉटलंडमध्ये मेसनचा एक गुप्त शब्द असायचा, तो सांगितला तर आपला माणूस. राजाच्या बांधकामांचा प्रमुख विल्यम शॉ याने १५९८ आणि १५९९ मध्ये लॉजसाठी लेखी नियमच काढले, त्यात उमेदवारी न केलेल्या माणसाबरोबर काम करायचं नाही असंही आहे. म्हणजे पासवर्ड हा पोटापाण्याचा मामला होता, ब्रह्मज्ञानाचा नाही.

मग सतराव्या शतकात या लॉजमध्ये ज्यांनी आयुष्यात छिन्नी धरली नाही असे लोक शिरायला लागले. रॉबर्ट मरे १६४१ मध्ये, आणि इलायस अ‍ॅशमोल १६४६ मध्ये, इंग्लंडातल्या वॉरिंग्टनला, त्याने डायरीत तसं लिहूनच ठेवलंय. हे का आले यावर इतिहासकार भांडतात, पण त्या काळात भूमिती आणि बायबलमधल्या शलमोन राजाचं मंदिर यांचं शिकलेल्या लोकांना भयंकर आकर्षण होतं, आणि गवंड्यांकडे दोन्हींच्या जुन्या कथा आयत्या होत्या. १७१७ मध्ये लंडनच्या गूज अँड ग्रिडआयर्न नावाच्या दारूच्या गुत्त्यात चार लॉजनी मिळून ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्यांची वरची संस्था, काढली असं त्यांचा स्वतःचा इतिहास सांगतो (हल्ली काही अभ्यासक हे साल १७२१ धरतात). १७२३ मध्ये जेम्स अँडरसन नावाच्या पाद्र्याने तिची घटना, म्हणजे नियमांचं पुस्तक, छापली. छापली हं! दुकानात विकत मिळत होती.

आता चिन्हं. ती सगळी हत्यारांच्या पेटीतली आहेत. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात, सरळ. कंपास म्हणजे आपल्या हौसेमौजेला परिघ घालणं. पाणसळ म्हणजे लॉजमध्ये उमराव आणि दुकानदार एका पातळीवर, ओळंबा म्हणजे ताठ चारित्र्य. चोवीस इंची पट्टी म्हणजे दिवसाचे २४ तास कसे वाटायचे. ओबडधोबड दगड म्हणजे नवखा, घडवलेला दगड म्हणजे तोच माणूस पुढे जाऊन. सुरुवातीला तर ही चित्रं खडूने गुत्त्याच्या जमिनीवर काढायचे आणि सभा संपली की पुसून टाकायचे, मग पुढे कापडावर आणि फळ्यांवर रंगवायला लागले.

डोळ्यावरची पट्टी आणि दुमडलेली पँट हे मेसन होण्याच्या पहिल्या पायरीचं नाटक, अंधारातून उजेडात येण्याचं. तिसऱ्या पायरीला हीरामची गोष्ट घडवून दाखवतात. शलमोनाच्या मंदिराचा मुख्य कारागीर, तीन कारागीर त्याच्याकडे उस्तादाचा गुप्त शब्द मागतात, तो देत नाही, ते त्याला मारतात. परत तोच शब्द बघा, पासवर्डसाठी जीव गेला. बायबलमध्ये हीराम आहे पण त्याचा खून नाही, तो भाग यांनी रचलेला. आणि हे सगळं फोडणारं पुस्तक सॅम्युअल प्रिचर्डने १७३० मध्येच काढलं आणि ते धडाधड खपलं. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं गुपित बाजारात आहे. माझं स्पष्ट मत, लपवायला माहिती नव्हतीच, एकत्र शपथ घेतल्याने जो आपलेपणा येतो तोच खरा माल होता.

टवाळखोर:
म्हणजे दाढीमिशावाल्या बाप्यांचा नाटकमंडळ प्लस जेवणावळ. बरं झालं कळलं 😂

नोटावेडी:
डॉलरच्या डोळ्याबद्दल मी सांगते, कारण हा माझा दुखरा विषय आहे. तो डोळा आणि पिरॅमिड अमेरिकेच्या राजमुद्रेच्या मागच्या बाजूचे आहेत, मुद्रा मंजूर झाली १७८२ मध्ये. १७७६ च्या पहिल्या कमिटीत फ्रँकलिन, अ‍ॅडम्स आणि जेफरसन होते, त्यातला मेसन फक्त फ्रँकलिन, आणि त्याने सुचवलेल्या डिझाइनमध्ये डोळा नव्हताच! डोळा सुचवला त्यांनी मदतीला घेतलेल्या द्यु सिमितिएर नावाच्या चित्रकाराने, तो मेसन असल्याचा पुरावा नाही. त्रिकोणातला डोळा म्हणजे सगळं पाहणारा देव हे ख्रिस्ती चित्रांत आधीपासून होतंच, १७८९ च्या फ्रान्सच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चित्रातही वर तोच आहे. मेसनच्या छापील पुस्तकात हा डोळा ठळकपणे येतो तो १७९७ मध्ये, थॉमस वेब नावाच्या मेसनच्या पुस्तकात, म्हणजे मुद्रेनंतर. एक डॉलरच्या नोटेवर हे सगळं आलं १९३५ मध्ये. तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट, आणि ते मात्र मेसन होते, एवढं एक व्हिडिओवाल्यांच्या पदरात टाकते.

आणि इल्युमिनाटीचा याच्याशी संबंध नाही. ते जर्मनीतल्या बव्हेरियातलं वेगळंच मंडळ, इंगोलश्टाटच्या व्हाइसहाउप्ट नावाच्या प्रोफेसरने १ मे १७७६ ला चार-पाच जणांना घेऊन काढलेलं. चिन्ह घुबड. सगळ्यांना टोपणनावं, हा स्वतः स्पार्टाकस, म्युनिकचं नाव अथेन्स, कॅलेंडरसुद्धा पर्शियन. १७८४ आणि ८५ मध्ये तिथल्या राज्यकर्त्याने बंदी घातली, कागद जप्त करून चक्क छापले आणि खेळ खलास. पुढे फ्रेंच क्रांती झाल्यावर १७९७ मध्ये बार्युएल आणि रॉबिसन या दोन लेखकांनी पुस्तकं लिहून क्रांतीचं खापर यांच्यावर फोडलं, तेव्हापासून हे भूत उतरलेलं नाही.

लिपीकार:
पाथरवटांच्या 'लपवायला काही नव्हतं' ला माझ्याकडून एक झकास उदाहरण. कोपियाले नावाचं १०५ पानांचं जर्मन हस्तलिखित आहे, अठराव्या शतकातलं, अख्खं सांकेतिक लिपीत, ७५ हजारांच्या आसपास अक्षरं. २०११ मध्ये केव्हिन नाइट आणि स्वीडनच्या दोन संशोधक बायकांनी कॉम्प्युटर लावून ते फोडलं. आत काय तर ऑक्युलिस्ट नावाच्या मंडळाचा दीक्षाविधी, म्हणजे डोळ्यांशी संबंधित सगळं. उमेदवाराला कोरा कागद देऊन वाच म्हणतात, त्याला येत नाही. मग चष्मा घालतात, तरी येत नाही. मग डोळे पुसतात आणि 'ऑपरेशन' करतात, म्हणजे भुवईचा एक केस उपटतात. झालं! आणि पुढे पानंच्या पानं फ्रीमेसनच्या विधींची माहिती, म्हणजे एक गुप्त मंडळ दुसऱ्या गुप्त मंडळाची गुपितं कुलूपबंद करून ठेवत होतं. मला हे वाचून जाम हसू आलं होतं.

कडूकारलं:
सगळं गोड गोड चाललंय म्हणून मी येतो. १८२६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात विल्यम मॉर्गन नावाच्या माणसाने मेसनचे विधी छापायची तयारी केली, त्याला तुरुंगातून बाहेर काढून पळवून नेलं, पुढे त्याचं काय झालं ते कधीच नक्की कळलं नाही. आरोपींना किरकोळ शिक्षा झाल्या, आणि लोक एवढे भडकले की दोन मोठ्या पक्षांना सोडून अमेरिकेतला पहिलाच तिसरा पक्ष मेसनविरोधी म्हणून उभा राहिला, १८३२ च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत व्हरमाँट राज्य जिंकलं. पुस्तकं बाजारात होती म्हणता, मग हा माणूस गायब का झाला?

दुसरं, इटलीतली पी-टू नावाची मेसन लॉज. १९८१ मध्ये तिचा प्रमुख लिचो जेल्लीच्या ठिकाणांवर धाड पडली आणि ९६२ नावांची यादी मिळाली. मंत्री, खासदार, सैन्यातले, गुप्तहेर खात्यांचे प्रमुख, पुढे पंतप्रधान झालेला बर्लुस्कोनी पण. पंतप्रधान फोर्लानी यांचं सरकार पडलं. हे नाटकमंडळ नव्हतं. पट्टी, मेणबत्ती, कवटी याचं मला काही वाटत नाही, माझा आक्षेप लपवलेल्या यादीवर आहे. न्यायाधीश आणि आरोपी एकाच शपथेत असतील तर बाहेरच्याला ते कळायला नको?

पाथरवट:
कडूकारलं, यादीवरचा मुद्दा शंभर टक्के मान्य, त्यावर वाद नाही. फक्त एवढंच की तो मुद्दा सरकारांनाही सुचला होता. ब्रिटनमध्ये १७९९ च्या कायद्याने शपथा घेणाऱ्या मंडळांवर बंदी आली, मेसनना सूट मिळाली पण अट अशी की दर वर्षी सभासदांची यादी सरकारदरबारी द्यायची. ही अट १९६७ पर्यंत चालू होती. पी-टूला इटलीच्या मुख्य मेसन संस्थेने १९७६ मध्येच निलंबित केलं होतं, तरी जेल्लीचं चालूच राहिलं, आणि १९८२ मध्ये इटलीने गुप्त संघटनांवर कायदाच केला. मॉर्गनबद्दल मी बचाव करणार नाही, तो गुन्हाच होता.

अर्धवटराव:
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. दोन राहिले, तो बकऱ्याचा सैतान कुठून आला? आणि बायकांना घेतच नव्हते का?

नोटावेडी:
सैतान लिओ ताक्सिलची कृपा. फ्रेंच माणूस, १८८५ पासून बारा वर्षं मेसन सैतानाची पूजा करतात अशी पुस्तकं लिहिली, डायना व्हॉन नावाची बाई उभी केली जी म्हणे त्यातून सुटून आली, चर्चवाले खूश, पोपची भेटसुद्धा मिळाली. १९ एप्रिल १८९७ ला पॅरिसमध्ये भर सभेत म्हणाला, सगळं मीच बनवलं होतं. लोक मारायलाच उठले होते म्हणतात. पण चित्रं तीच फिरतायत अजून.

बायकांचं म्हणाल तर अँडरसनच्या घटनेत सरळ नाही लिहिलंय, बायका आणि गुलाम दोन्ही नाहीत. १८९३ मध्ये फ्रान्समध्ये मारिया देरेझ्म आणि मंडळींनी स्त्री-पुरुष दोघांची वेगळी संस्था काढली. अमेरिकेत प्रिन्स हॉल नावाच्या माणसाला आणि इतर कृष्णवर्णीयांना गोऱ्या लॉज दारात उभं करत नव्हत्या, त्यांनी १७८४ मध्ये थेट इंग्लंडकडून सनद मिळवली. बंधुभाव बंधुभाव म्हणताना ही बाजू व्हिडिओत कोणी सांगत नाही, सैतान जास्त खपतो ना.

टवाळखोर:
लिपीकार, ते भुवई उपटणारे अजून सभासद घेतात का, एक मित्र पाठवायचाय.