खाडीच्या मुखाजवळचा प्लॉट: घ्यावा का?

कोथरूडकर
दापोली तालुक्यात एक प्लॉट बघून आलो. पुढे समुद्र, मागे खाडी, मध्ये सुरूचं बन. एजंट म्हणतो, "समुद्र 230 मीटरवर आहे, सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या सरकारी निर्बंधांच्या पट्ट्याच्या, बाहेर, बिनधास्त घ्या." डिसेंबरात गेलो होतो, पुळण मस्त रुंद होती. निवृत्तीनंतर तिथंच राहायचा विचार आहे. बायको म्हणते, आधी कुणा जाणकाराला विचार. कुणी सांगेल का?

वाडीवाला_पुण्यात
आमची सुपारीची वाडी श्रीवर्धनला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात वारा ताशी 110-120 किलोमीटर होता. पोफळी काडीसारख्या मोडल्या, सुरू मुळासकट आडवे झाले. पाण्यापेक्षा वाऱ्यानं जास्त नुकसान केलं. पत्र्याचं छप्पर घालणार असाल तर नका घालू.

खडकवासला_निवृत्त
एजंटला विचारा, 230 मीटर कुठून मोजले? पुळणीवरच्या ओल्या वाळूपासून मोजले असतील तर उपयोग नाही, अंतर अधिकृत भरतीरेषेपासून धरतात. शिवाय गावांकडे सीआरझेड 500 मीटरपर्यंत असतं. 200 मीटर ही साधारणपणे बांधकामबंदीची हद्द, म्हणजे "बाहेर" हा शब्दच चुकीचा. खाडीच्या बाजूची हद्द वेगळी, तीही बघा.

पण माझी खरी काळजी कायद्याची नाही. तुम्ही वर्णन करताय तो वाळूचा दांडा दिसतोय. कोकणात कातळाचे डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि त्यांच्या बेचक्यात पुळणी असतात. कातळावरचं घर आणि दांड्यावरचं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक. दांडा लाटांनी आणलेल्या वाळूवर उभा असतो, नदीचं मुख सरकलं की तोही सरकतो. मालवणजवळ देवबागला जाऊन बघा. कर्लीची खाडी एका बाजूला, समुद्र दुसऱ्या बाजूला, मध्ये चिंचोळी पट्टी. तिथले लोक धुपेशी वर्षानुवर्षं झगडतायत.

डिसेंबरातली पुळण बघून तर काहीच ठरवू नका. पावसाळी लाटा वाळू समुद्रात ओढून नेतात, नंतर ती हळूहळू परत येते. ऑगस्टात, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जा. वाळूच्या टेकडीला उभा कापलेला कडा दिसतोय का, सुरूची मुळं उघडी पडलीत का, ते बघा. टेकडीवर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल पसरलेली असेल तर थोडं बरं.

कोथरूडकर
गूगल अर्थवर जुनी चित्रं काढली. 2012 पेक्षा किनारा 20 मीटर आत आलेला दिसतो. म्हणजे धूपच ना?

खडकवासला_निवृत्त
घाई नको. पुळणीचा उतार 50 ला 1 असेल, तर भरतीतल्या एका मीटरच्या फरकानं पाण्याची कड 50 मीटर सरकते. म्हणून पाण्याची कड मोजूच नका, झाडीची कड मोजा. चित्रंही एकाच महिन्यातली घ्या. हैदराबादच्या इन्कॉईसचा, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, किनारा-असुरक्षितता नकाशाही आहे. त्यात उंची, उतार, भूरूप, लाटा, भरतीचा पल्ला, समुद्रपातळी आणि किनारा सरकण्याचा वेग असे सात घटक धरलेत. पण नकाशाचं प्रमाण एक लाखाला एक, म्हणजे तुमचा प्लॉट त्यावर पेन्सिलच्या टोकाएवढाही नाही. तालुक्याचा अंदाज येईल, तुमच्या 18-20 गुंठ्यांचा नाही.

वाडीवाला_पुण्यात
आणि दगडी बंधारा घातला तर?

खडकवासला_निवृत्त
त्याच्या पायाखालची वाळू लाट खणते आणि टोकाला शेजाऱ्याची जमीन खाते. पूर्ण किनाऱ्याचा अभ्यास करून घातलेला बंधारा वेगळा, एकट्यानं ट्रकभर दगड ओतणं वेगळं.

कोथरूडकर
इसार अजून दिलेला नाही. ऑगस्टात जातो. तोवर एजंटचे फोन उचलत नाही. बायको खूश आहे.

खडकवासला_निवृत्त
जाल तेव्हा मागच्या खाडीकडच्या विहिरीचं पाणीही चाखून बघा, खारट लागतंय का. आणि तिथं कोळीवाडा असेल तर तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा, खाडीचं मुख पूर्वी कुठं होतं.